तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी कचेरीत डिझाइन करण्यासारखं असतं तरी काय?

कॅलिफोर्नियात मी काउंटी सरकारच्या इमारतींचं काम करते, हे कळलं की पुण्या-नाशिककडची मंडळी हमखास विचारतात, "सरकारी ऑफिसात डिझाइन करण्यासारखं असतं तरी काय?" प्रश्न मनापासून असतो. लांबलचक अंधारा व्हरांडा, छताला टेकलेली लोखंडी कपाटं आणि कुठल्या खिडकीवर जायचं ते शिपायाला विचारत फिरणं, ही कचेरी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. संग्रहालयाला, विमानतळाला आर्किटेक्ट लागतो हे पटतं, कचेरीला कशाला?

माझं उत्तर असं, की संग्रहालय आवडलं नाही तर माणूस पुन्हा तिकडे फिरकत नाही. काउंटीच्या इमारतीत मात्र त्याला यावंच लागतं. आपल्याकडचं जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा न्यायालय एकत्र कल्पून पाहा, म्हणजे काउंटीचा साधारण अंदाज येईल. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत. घराचं खरेदीखत नोंदवायचं, मालमत्ता कर भरायचा, लग्नाचा परवाना काढायचा, मतदार नोंदणी करायची, ज्युरीत बसायचं, हे सगळं तिथे. येणारा बहुतेक वेळा घाईत किंवा चिंतेत असतो. त्याला दारातून आत शिरल्यावर वाट सापडली पाहिजे, हे माझ्या कामाचं पहिलं कलम.

हे समजावताना मी लोकांना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन राफाएलला नेते, मरीन काउंटी सिव्हिक सेंटर, म्हणजे त्या काउंटीच्या कचेऱ्यांची इमारत पाहायला. अमेरिकेतला गाजलेला आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट याचं हे काम. १९५७ मध्ये काउंटीने ते त्याला दिलं तेव्हा तो नव्वदीला आला होता. काउंटीची खाती तेव्हा गावभर विखुरलेली होती. ती एका जागी आणावीत यासाठी झटली व्हेरा शुल्ट्झ, मरीनचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आलेली पहिली स्त्री. विरोधही कडवा झाला. करारासाठी बोलावलेल्या सभेत राइटवर कम्युनिस्टांशी जवळीक असल्याचा आरोप झाला आणि तो ताडकन उठून बाहेर पडला. करार तरीही झाला.

जागेवर लहान टेकड्या होत्या. सरकारी कामात पहिला हुकूम सहसा बुलडोझरला सुटतो, जमीन सपाट करून घ्यायला. राइटने टेकड्या तशाच ठेवल्या आणि त्यांच्यामधून कमानींची इमारत पुलासारखी नेली. प्रशासनाची बाजू सुमारे ५८० फूट, न्यायालयाची सुमारे ८८० फूट, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे ८० फूट व्यासाचा घुमट. त्या घुमटाखाली कोण बसलं असेल? काउंटीचं सार्वजनिक वाचनालय. इमारतीतली सगळ्यात मानाची जागा कुठल्याही साहेबाला न देता वाचकाला दिली, यासाठी मला ही इमारत फार जवळची वाटते.

पण मी तिथे नेते ते मुख्यतः आतला चौक दाखवायला. वाड्याचा चौक दोन्ही टोकांना धरून लांब ओढावा, तसा तो आहे. वरून आकाशाचा उजेड, दोन्ही बाजूंना सज्जे आणि सज्जांना लागून खाती. उभ्या जागी मान वळवली की समोरचं ऑफिस, वरचा मजला, पलीकडे चाललेली माणसं, सगळं दिसतं. पाट्या वाचत फिरावं लागत नाही. खात्यांमधल्या भिंतीही हलवता येतील अशाच योजल्या होत्या, कारण सरकारी खातं कधी फुगेल आणि कधी आटेल याचा नेम नसतो. ही दूरदृष्टी आज नव्याने बांधलेल्या कित्येक इमारतींत मला सापडत नाही.

राइट ९ एप्रिल १९५९ ला गेला. पुढचं काम त्याचे सहकारी ॲरन ग्रीन आणि विल्यम वेस्ली पीटर्स यांनी तडीस नेलं. १९६० मध्ये बांधकाम सुरू झालं. त्याच वर्षी शुल्ट्झबाई निवडणूक हरल्या आणि जानेवारी १९६१ मध्ये नव्या मंडळाने, याचं रुग्णालय करता येईल का ते पाहू, म्हणत अर्धवट काम थांबवलं. लोक इतके खवळले की काही दिवसांतच ते पुन्हा सुरू करावं लागलं. प्रशासनाची बाजू १९६२ मध्ये, न्यायालयाची १९६९ मध्ये पुरी झाली. छताचा प्रसिद्ध निळा रंगही मूळ कल्पनेतला नाही. राइटला सोनेरी हवा होता. टिकेल असा सोनेरी मिळेना, तेव्हा त्याची पत्नी ओल्गिवाना हिने निळा ठरवला.

आता दुरुस्तीकडे येते, कारण माझा बहुतेक दिवस त्यातच जातो.

७ ऑगस्ट १९७० ला याच इमारतीतल्या एका कोर्टात एक तरुण बंदुका घेऊन शिरला, न्यायाधीशांसह काही जणांना ओलीस धरलं आणि बाहेर झालेल्या गोळीबारात न्यायाधीश हॅरल्ड हेली यांच्यासह चौघांचा जीव गेला. कोणीही कुठूनही मोकळं यावं, अशी ती इमारत होती. आता कोर्टाकडे जाताना तपासणी होते. आज आम्ही न्यायालय आखतो तेव्हा जनतेची वाट, न्यायाधीशांची वाट आणि कैद्यांची वाट अशा तीन वेगळ्या वाटा पहिल्याच रेघेपासून धरतो. जुन्या इमारतीत त्या मागाहून घुसवणं महाकठीण. मरीनचा तुरुंग आधी न्यायालयाच्याच वरच्या मजल्यावर होता. १९९४ मध्ये तो बाहेर काढून शेजारच्या टेकडीच्या पोटात बांधला. मला तो निर्णय अतिशय योग्य वाटतो. तुरुंग गेला, पण काउंटी क्लार्क, म्हणजे लग्नाचे परवाने देणाऱ्या अधिकाऱ्याकडे लग्न लावायला येणारी जोडपी आणि खटल्याच्या तारखेला आलेले लोक अजूनही एकाच छताखाली वावरतात. तसंच असावं.

माझी स्वतःची कामं इतकी देखणी नसतात. साठच्या दशकातली एखादी काउंटीची इमारत, फरशीच्या टाइल्समध्ये आरोग्याला घातक ॲस्बेस्टॉस, भूकंपासाठी खांब-तुळया बळकट करायच्या, आणि हे सगळं कामकाज एक दिवसही बंद न ठेवता. एका मजल्यावरची खाती उचलून दुसरीकडे बसवायची, तो मजला करायचा, मग पुढचा. आणीबाणीचं नियंत्रण केंद्र किंवा पोलिसांची इमारत असेल तर १९८६ च्या राज्य कायद्याप्रमाणे मोठ्या भूकंपानंतरही तिथलं काम चालू राहील, असंच बांधावं लागतं.

आणि काउंटर. माझा सगळ्यात जास्त जीव काउंटरमध्ये गुंततो. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला वापरता येईल असा भाग केंद्रीय नियमाने जास्तीत जास्त ३६ इंच उंच चालतो, कॅलिफोर्नियात ३४. पूर्वीचे काउंटर छातीपर्यंत येत आणि पलीकडचा कारकून न्यायाधीशासारखा वर बसलेला असे. ते काही इंच उतरले की दोघांच्या बोलण्याचा सूर उतरतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. एका इमारतीत मृत्यूचा दाखला आणि लग्नाचा परवाना एकाच रांगेत मिळायचा. कालच नवरा गेलेली बाई, मागे हसत-खिदळत फोटो काढणारं जोडपं. दोघांचाही काही दोष नाही, दोष त्या आखणीचा. आम्ही दाखल्यांसाठी बाजूला एक खिडकी आणि दोन खुर्च्या मावतील एवढी आडोशाची जागा काढली. खर्च किरकोळ होता, पण त्यासाठी तीन खात्यांच्या प्रमुखांना एका टेबलाशी बसवावं लागलं, आणि माझ्या मते डिझाइन ते तिथेच झालं.

यावर पुढचा प्रश्न येतो: आता सगळं ऑनलाइन होतंय, मग काउंटर हवेत कशाला? सोपी कामं ऑनलाइन गेली, हे खरं. जो अजूनही खिडकीशी येतो त्याचं काम गुंतागुंतीचं असतं: नावातली चूक, हरवलेला कागद, थकलेला कर, किंवा इंग्रजी न येणं. त्याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून आता हाती असलेल्या आराखड्यात आम्ही खिडक्या कमी केल्या आहेत आणि प्रत्येक खिडकीशी दोन खुर्च्या धरल्या आहेत. एक अर्जदाराला, दुसरी त्याच्याबरोबर आलेल्या आणि त्याच्या भाषेत सगळं समजावून सांगणाऱ्या मुलीला किंवा भाच्याला.