१९एफ, १९ए आणि मधला एक बंध

न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूच्या १९एफ आणि १९ए या दोन प्रकारांत फरक किती, असं कुणी विचारलं तर मी कागदावर एका बंधाभोवती गोल काढते. दोन्ही जिवाणूंभोवती बहुशर्करेचं, म्हणजे साखरांच्या लांब साखळ्यांचं, कवच असतं. एन-ॲसिटिल मॅनोसअमाइन, ग्लुकोज, रॅम्नोज या तीन साखरा आणि एक फॉस्फेट, हाच तुकडा पुन्हा पुन्हा. १९एफमध्ये ग्लुकोज रॅम्नोजच्या दुसऱ्या कार्बनला जोडलेलं असतं, १९एमध्ये तिसऱ्या. बाकी सगळं तेच.

आणि तरीही, २००० साली अमेरिकेत आलेल्या सात प्रकारांच्या लशीत १९एफच्या कवचाची साखर असूनही मुलांना १९एपासून फारसं संरक्षण मिळालं नाही. पुढे तिथे १९एचे आजार वाढत गेले आणि २०१०च्या तेरा प्रकारांच्या लशीत तो वेगळा घालावा लागला. त्याच जुन्या लशीतल्या ६बीने मात्र ६एपासूनही बऱ्यापैकी वाचवलं, आणि तिथेही फरक एका बंधाचाच! एका जोडीत चालतं ते दुसरीत का चालत नाही, हा प्रश्न मला सोडत नाही.

उत्तरासाठी आकार बघायला हवा. पण या साखळ्यांचे स्फटिक सहसा होत नाहीत. पाण्यात त्या सतत वळत असतात. म्हणून संगणकावरचं सिम्युलेशन. साखळीचे काही तुकडे, भोवती पाण्याचे हजारो रेणू, फॉस्फेटचा ऋण भार फेडायला सोडियम. अणूंमधली बलं चार्म३६ हा सूत्रांचा संच सांगतो, एनएएमडी हा प्रोग्राम अणूंना हलवतो, दर पावलाला दोन फेमटोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे शंभर कोटी फेमटोसेकंद). एका मायक्रोसेकंदासाठी ५० कोटी पावलं. संध्याकाळी जॉब लावायचा आणि सकाळी दोन साखरांमधला प्रत्येक बंध किती वळला ते सांगणाऱ्या फाय-साय कोनांचे नकाशे उघडायचे, हा माझा सगळ्यात आवडता वेळ.

केप टाउन विद्यापीठातल्या मिशेल कटल आणि नील रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी लशींमधल्या साखरांवर असंच काम केलंय, १९एफ-१९एवरसुद्धा. त्यांचे पेपर वाचून मी एक गोष्ट पक्की धरली: सुंदर वळणदार साखळीचं एकच चित्र दाखवून थांबायचं नाही. कोणता आकार किती वेळ टिकतो, तो हिशेब खरा. बंध कमी ऊर्जेच्या एका खळग्यात अडकला तर मायक्रोसेकंदभर तिथेच बसून राहू शकतो, आणि आपल्याला वाटतं साखळी ताठ आहे. म्हणून दोन वेगळ्या आकारांपासून सुरुवात करून दोन्ही धावा एकाच जागी येतात का ते मी बघते. शिवाय एनएमआर या प्रयोगातून मोजलेली अणूंमधली अंतरं जुळली नाहीत तर तो नकाशा मी कुणाला दाखवत नाही.

मी हे पुण्यात पाषाणमध्ये बसून लिहितेय. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला, सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल ही न्यूमोकॉकसविरुद्धची लस बनते. तिच्या दहा प्रकारांत १९ए, १९एफ, ६ए, ६बी चौघंही आहेत. प्रत्येक प्रकारासाठी जिवाणू वेगळे वाढवायचे, साखर वेगळी शुद्ध करायची, प्रथिनाला वेगळी जोडायची. एक प्रकार वाढला की खर्च वाढतो, आणि ही लस गरीब देशांतल्या बाळांपर्यंत जायची असते. कोणती साखर शेजारणीचंही काम करेल हे आधी कळलं, तर फार मोठी मदत होईल. एकट्या सिम्युलेशनने ते ठरणार नाही, प्रतिपिंडांचे प्रयोग लागतीलच. पण कोणते प्रयोग आधी करायचे हे तरी ते सांगू शकतं.

सध्या १९एची साखळी लांब करून फॉस्फेटपाशी ती किती वाकते ते मोजतेय. १९एफची तेवढीच लांब साखळी पुढच्या आठवड्यात रांगेत लागेल.