वहीतला ‘का’

मुलीच्या वर्गशिक्षिका अपघातात गेल्या, त्याला आता तीन आठवडे झाले. दुसरीतल्या मुलांना ‘बाई वारल्या, त्या परत येणार नाहीत’ असे इथल्या शाळेने सरळ सांगितले, याचा मला धक्का बसला होता; त्यातच आठवडाभराने दप्तरात ‘आजच्या तीन चांगल्या गोष्टी’ लिहायची वही दिसली, तेव्हा संतापच आला. मूल रात्री दचकून उठत असताना त्याच्याकडे चांगल्या गोष्टी मागणे मला निष्ठुरपणाचे वाटले आणि तसे मी शाळेच्या समुपदेशक बाईंना बोलूनही दाखवले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. पहिला आठवडा मुलांना रडू दिले, चित्रे काढू दिली, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू दिले, मगच वही दिली आणि तीही सक्तीची नाही, असे त्या म्हणाल्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रौढांनी आठवडाभर रोज रात्री अशा तीन गोष्टी लिहिल्या होत्या, मात्र प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली हेही लिहायचे होते. मुलांच्या बाबतीत समुपदेशक बाई या ‘का’लाच जपतात.

घरी येऊन मी वही उघडली. ‘शेजारच्या मुलाने माझ्या पेन्सिलीला टोक करून दिले.’ का? ‘मी रडत होते ते त्याला दिसले.’ दुःख पुसलेले नव्हते, पण त्यात कोणीतरी सोबत होते, हे तिने स्वतः शोधून काढले होते.

माझ्या लहानपणी आजोबा गेले, तेव्हा आम्हा मुलांना कोणी काही सांगितले नाही आणि मी कित्येक महिने त्यांची वाट पाहत राहिले. आपल्याकडची ही लपवालपवी मला आज चुकीची वाटते. तरीही त्या दिवसांत मावशीने मला क्षणभर एकटे सोडले नव्हते, हे मी इथे आवर्जून सांगते. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला, तेव्हा हलाखीतूनही सावरलेल्या मुलांना निदान एका मोठ्या माणसाचा भक्कम आधार लाभल्याचे दिसले होते. तो आधार आम्हाला कोणत्याही वहीशिवाय मिळाला.

एक तक्रार मात्र उरली आहे. बदली शिक्षिका तिन्ही ओळी भरलेल्या पानावर हसऱ्या चेहऱ्याचा शिक्का मारतात. परवा मुलीला दोनच गोष्टी सुचल्या आणि शिक्क्यासाठी तिने तिसरी खोटी लिहिली. तो शिक्का बंद करावा, असे मी शाळेला लेखी कळवले आहे.