सतरा मिनिटे पाच सेकंद : सरावाची नोंद, चौथा महिना

आयर्न बटरफ्लाय या अमेरिकन रॉक बँडचे ‘इन-अ-गड्डा-दा-व्हिडा’ हे गाणे काटछाट न करता, म्हणजे १७ मिनिटे ५ सेकंदांचे, एकट्याने कीबोर्डवर बसवण्याचा संकल्प करून आता चार महिने झाले. चौथ्या महिन्याअखेर सुमारे तेरा मिनिटे हाताखाली आली आहेत. आईने मात्र परवा दारातून डोकावून, “अरे, अजून तेच चाललंय का?” असे विचारले. अमेरिकेतील नाके मुरडणारे श्रोते १९६८ पासून हाच प्रश्न विचारत आले आहेत, हे तिला सांगून काही उपयोग झाला नाही.

आपल्यापैकी जे पेटीवरून कीबोर्डकडे वळले आहेत, त्यांच्यासाठी पहिली अडचण आधी नोंदवतो. माझा डावा हात पंचवीस वर्षे भाता मारण्यात गेला असल्यामुळे त्याला स्वतंत्र बुद्धी अशी नाही. संगीत नाटकांतील ऑर्गनवादक पायाने हवा भरत आणि त्यांचे दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे राहत. ती चैन मला कधी लाभली नाही. मूळ मुद्रणात खालची धून ली डॉर्मनचा बास आणि एरिक ब्रॅनची गिटार उचलून धरतात, पण माझ्याकडे दोन्ही नसल्याने ती डाव्या हातावर येते. पहिले सहा आठवडे मी मुख्यतः डावा हातच घोटला.

धून डी मायनरमध्ये आहे, म्हणजे पांढरी दोनला षड्ज धरायचा. सुरुवातीला षड्ज, कोमल गंधार, रिषभ असा साधा फेरा आहे. खरी गंमत त्यानंतर येते. पंचमावरून कोमल निषादापर्यंत उडी मारून हात तीव्र मध्यमावर उतरतो आणि तेथे क्षणभरही न रेंगाळता शुद्ध मध्यमाला टेकतो. हे दोन मध्यम लागोपाठ आल्यामुळेच धुनेला तो किंचित काळोखा, पाय ओढत चालल्यासारखा रंग येतो. मी दीड महिना तीव्र मध्यम गरजेपेक्षा लांबवत होतो, आणि त्यामुळे सगळा डौल एखाद्या भजनी ठेक्यासारखा गुळमुळीत होत होता. तो स्वर चटका लागल्यासारखा सोडायचा, हे कळल्यावर गाडी रुळावर आली.

पहिल्या महिन्यात मी २ मिनिटे ५२ सेकंदांची एकेरी तबकडीसाठी कापलेली आवृत्ती बसवली होती, हे प्रांजळपणे सांगायला हवे. अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत ती ३०व्या क्रमांकापर्यंत गेली, तर मूळ लांब गाणे असलेली तबकडी चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचून कितीतरी अधिक काळ टिकली. वाजवताना त्याचे कारण लक्षात आले. गाण्याला शब्द जवळजवळ नाहीतच. एदनच्या बागेचे (‘इन द गार्डन ऑफ ईडन’) शीर्षक गायक आणि ऑर्गनवादक डग इंगलने दारूच्या अमलाखाली जड जिभेने उच्चारले आणि ढोलवादक रॉन बुशीने ते ऐकू आले तसे लिहून घेतले, अशी त्या विचित्र नावाची कथा सांगितली जाते. तेव्हा कात्री लावल्यावर हाती फक्त धून उरते, आणि ती दहाव्या आवर्तनाला कंटाळवाणी होते.

मुद्रण २७ मे १९६८ रोजी न्यूयॉर्कजवळच्या हेम्पस्टेड येथील अल्ट्रासॉनिक स्टुडिओत झाले. निर्माता येईपर्यंत आवाजाची पातळी जुळवण्यासाठी काहीतरी वाजवत राहा, असे ध्वनिमुद्रकाने सांगितले आणि टेप चालू ठेवली. तोच सलग प्रयत्न तबकडीवर आला. त्यामुळे त्यातली लय एकसारखी राहत नाही, आणि मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारे यंत्र) लावून त्या मुद्रणाबरोबर वाजवू पाहणाऱ्याची फजिती ठरलेली आहे. मी मेट्रोनोम तिसऱ्या आठवड्यातच कपाटात ठेवला.

या महिन्याचे खरे काम नवव्या मिनिटानंतरचे होते. साडेसहाव्या मिनिटाच्या सुमारास सुरू होणारा बुशीचा एकल ढोलवादनाचा भाग मी अर्थातच वाजवत नाही. तेवढ्या वेळात बोटे चोळून घेतो. तो संपल्यावर ऑर्गन एकटा येतो, आणि इंगल ‘गॉड रेस्ट यी मेरी, जंटलमेन’ या जुन्या नाताळगीताच्या वळणावर विस्तार करू लागतो. त्याचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असत, हे माहीत नसले तरी येथे कानाला कळते. एक स्वर दाबून धरायचा, त्याच्यावर दुसरा चढवायचा, आणि पहिला सोडण्याची घाई करायची नाही. त्याच्याकडे व्हॉक्स कॉन्टिनेंटल हा ट्रान्झिस्टरचा, थोडा नाकातून बोलणारा ऑर्गन होता. माझ्या जुन्या कीबोर्डवर त्या जातीचा आवाज आहे, पण त्यात प्रतिध्वनी आधीच मिसळलेला होता. तो पूर्ण बंद केल्यावर हा भाग एकदम उघडा पडला आणि माझ्या चुकाही उघड्या पडल्या.

दूरचित्रवाणीवरील ‘द सिम्प्सन्स’ मालिकेच्या १९९५ मधील एका भागात बार्ट हा खट्याळ मुलगा हेच गाणे स्तोत्र म्हणून चर्चमध्ये खपवतो आणि ऑर्गनवाल्या बाई सतरा मिनिटांनंतर कोसळतात. गाण्याच्या लांबीवरील हा विनोद सर्वांना ठाऊक आहे. पण थट्टा करणाऱ्यांनी गाणे नेमके त्याच्या मूळ घरी नेऊन सोडले, असे मला हा भाग वाजवताना वाटत राहते. दुसरीकडे स्लेयर या हेवी मेटल बँडने १९८७ मध्ये ते वेगाने आणि थोडक्यात वाजवले, तर रॅपर नॅसने २००४ मध्ये फक्त धून उचलून तिच्यावर आपले शब्द बसवले. म्हणजे वारसदारांनी वाटणी करून घेतली आहे: संगीतकारांनी धून नेली, विनोदकारांनी लांबी नेली, आणि मधला हा ऑर्गन कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. माझ्या मते मिळकतीतील सर्वांत मोलाचा तुकडा तोच आहे.

टीकाकारांचे सगळेच चुकले आहे, असेही नाही. तेराव्या मिनिटापासून गिटार आणि बास जो पसारा घालतात, तो मला आजही ओढून ताणून आणलेला वाटतो. ब्रॅन तेव्हा सतरा वर्षांचा होता, हे लक्षात घेऊन मी त्याला सूट देतो, पण हा भाग कीबोर्डवर कसा आणावा, हे अजून सुचलेले नाही. गिटारच्या ओढलेल्या स्वरांसाठी पिच व्हील (स्वर वर-खाली ओढणारे कीबोर्डवरचे चाक) वापरून पाहिले, तर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखे ऐकू आले.

रविवारी दुपारी तो भाग नुसती खालची धून वाजवत भरून काढला आणि पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुद्रण केले. ते १८ मिनिटे ४० सेकंदांचे झाले. जास्तीचा सगळा वेळ नाताळगीताच्या भागात गेला आहे, आणि तो कमी करण्याची इच्छा सध्या तरी होत नाही.