गळकी डिझेल टाकी आणि इतवारीतलं झाळकाम

नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या पुढे आमची संत्र्याची बाग आहे. झाडं ६ बाय ६ मीटरवर लावलेली, पण आता वयाने वाढलेली, त्यामुळे दोन ओळींमधली वाट अरुंद झाली आहे. मोठा ट्रॅक्टर शिरला की फांद्या मोडतो. म्हणून मोठ्या बाबांनी १९९० च्या आसपास एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता. १८ हॉर्सपॉवर, तीन सिलिंडर, उंच माणूस बसला तर गुडघे स्टिअरिंगला लागतात. इंजिन अजून ठणठणीत आहे. टाकी मात्र या उन्हाळ्यात गळायला लागली.

थेंब पडताना कोणी पाहिला नव्हता. दिसली ती क्लच हाउसिंगवर जमलेली काळी, चिकट धूळ. बाकी सगळ्या ट्रॅक्टरवर कोरडा धुराळा आणि तेवढाच भाग तेलकट. सालदार म्हणाला, "कॉक पाझरून राहिला भाऊ, वायसर बदलून टाका." कॉकवर, म्हणजे टाकीच्या डिझेलच्या तोटीवर, आळ घेणं सोपं, कारण तो सगळ्यात खाली असतो. पण डिझेल पाइपवरून, बोल्टवरून ओघळत कुठल्या कुठे जाऊन टपकतं. सगळं फडक्याने कोरडं करून टाकीच्या बुडाला आणि सांध्याला मुलीच्या डब्यातली टाल्कम पावडर फासली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर एक बारीक ओली रेघ उमटली. ती कॉकपाशी नव्हती. टाकी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याखालून ती निघत होती.

पट्टा सैल केला तर खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी, भिजून चिंब. टाकी घासू नये म्हणून हा नमदा ठेवतात, पण तो पावसाचं पाणी, धुण्याचं पाणी धरून बसतो आणि पत्रा नेमका तिथेच कुजतो. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला आणि बारीक धार लागली. सालदाराने आंघोळीची साबणाची वडी आणून त्या जागी रगडली, धार बंद. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही म्हणून ही युक्ती चालते. थरथरीने ती सुटते हे खरं, पण टाकी रिकामी करेपर्यंत पुरते.

बाग मृग बहरासाठी ताणावर सोडलेली, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलं यावीत म्हणून पाणी तोडलेली होती, फवारणी नव्हती, त्यामुळे घाई नव्हती. सल्ल्यांनाही तोटा नव्हता. गंजलेला पत्रा नागपूरकराला काही नवा नाही. दर मार्चमध्ये कूलरचा टब बाहेर काढायचा, पापुद्रे खरवडायचे, आतून डांबर फासायचं, हे घरोघर चालतं. त्यामुळे ज्याला सांगावं तो कूलरचाच इलाज सांगतो. डांबर पाण्याला दाद देत नाही, पण डिझेलमध्ये चक्क विरघळतं, आणि विरघळलेलं डांबर जाऊन बसणार फिल्टरमध्ये. एम-सीलचा सल्ला त्यापेक्षा बरा होता, पण त्याला कोरडा, तेलाचा अंशही नसलेला आणि घट्ट पत्रा लागतो. पापुद्र्यावर लावलं तर ते पापुद्र्याला चिकटतं आणि त्याच्यासकट निघून येतं.

मोहल्ल्यातल्या कूलरवाल्याने तर नवी टाकीच करून द्यायची तयारी दाखवली. "जीआयचा पत्रा लावतो, जिंदगीभर गंजणार नाही." पाण्यासाठी ते खरं आहे. डिझेलसाठी जीआय नको, कारण त्यावरचा जस्ताचा थर डिझेलमधल्या आम्लांशी आणि पाण्याशी मिळून साबणासारखा साका तयार करतो आणि तो फिल्टर व इंजेक्टर चोंदवतो. डिझेल साठवायला जस्ताचा मुलामा दिलेली भांडी वापरू नयेत असं इंजिनवाले सांगतात ते यासाठीच. हे त्याला समजावायला मला चहाचे दोन कप लागले, आणि तरी त्याचा चेहरा पटल्यासारखा नव्हता.

खरा वाद वेल्डिंगवर झाला. रस्त्याकडेच्या एका वेल्डिंगवाल्याने टाकी हातात घेऊन लगेच सांगितलं, "पेट्रोल असतं तर नाही म्हटलं असतं. डिझेलला काय होते? पाच मिनिटात मारून देतो." हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० च्या आसपास, म्हणून पेट्रोलला सगळे भितात. डिझेलचा त्याच्या खूप वर असतो, पण आपल्या मानकात तो किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच मागितलेला आहे. म्हणजे मानकात बसणाऱ्या डिझेलवरसुद्धा ३५ अंशांना ठिणगीने पेट घेईल एवढी वाफ जमू शकते. मे महिन्यात नागपूरची सावली ४५ ला जाते आणि उन्हात ठेवलेला पत्रा त्याच्या कितीतरी वर. शिवाय टाकी 'रिकामी' म्हणतो तेव्हा ती रिकामी नसतेच. सांध्यांच्या घडीत, गंजाच्या थरात डिझेल मुरलेलं असतं, वेल्डिंगचा ताप लागला की त्याची वाफ होते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा वाफ आणि हवा भरलेली टाकी जास्त वाईट फुटते. दुसरी गोष्ट साधी आहे. कागदासारख्या पातळ झालेल्या पत्र्यावर आर्क मारला तर भोक बुजत नाही, मोठं होतं. मी टाकी उचलली आणि निघालो. उरला मार्ग झाळायचा, म्हणजे शिसं-कथील वितळवून त्याने थिगळ चिकटवायचा.

टाकी आतून पाहिली तेव्हा नमद्याची गोष्ट अर्धीच होती हे कळलं. बुडाशी पाणी होतं आणि पाणी व डिझेल जिथे मिळतात तिथे तपकिरी, बुळबुळीत साय. ही साय म्हणजे जिवाणू आणि बुरशी. पाण्यात राहायचं आणि डिझेल खायचं, अशी त्यांची व्यवस्था असते आणि त्यांच्यामुळे तयार होणारी आम्लं पत्रा आतून खातात. आता टाकीत पाणी आलं कुठून? अर्धी टाकी श्वास घेते. दिवसा तापली की हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की दमट हवा आत येते आणि आतल्या भिंतीवर दव धरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. पावसाळाभर हे रोज चालतं.

मग टाकी कायम अर्धी का? कारण डिझेल चोरीला जातं. वावरात उभ्या ट्रॅक्टरमधून रात्री नळी घालून डिझेल काढणं हा आमच्या भागात जुना धंदा आहे. मोठे बाबा म्हणूनच त्या दिवसाच्या कामाला लागेल तेवढंच डिझेल ओतायचे, आणि संध्याकाळी टाकी जवळजवळ कोरडी. चोरांनी त्यांचं डिझेल फारसं नेलं नाही, पण टाकी गंजाने नेली. बहुतेक कास्तकारांच्या जुन्या ट्रॅक्टरची बुडं याच कारणाने गेलेली असावीत, असं माझं मत झालं आहे.

सफाईला सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा. आधी कपडे धुण्याची पावडर आणि कढत पाणी, पुन्हा पुन्हा, पाण्यावर तेलाचा तवंग येणं थांबेपर्यंत. मग आत पातळ साखळी टाकून टाकी हलवली. नट-बोल्टसुद्धा टाकतात, पण टाकीच्या आत आडवा पत्रा असेल तर एखादा नट त्यामागे जाऊन बसतो आणि जन्मभर खुळखुळतो. साखळी टोक धरून बाहेर ओढता येते. नंतर नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, २० लिटर पाण्याला १ किलो, रात्रभर. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण आम्ल लोखंडाला लागलं की हायड्रोजन सुटतो, आणि जवळपास विडी-काडी नको. सकाळी आतला पत्रा राखाडी दिसत होता. गंजाने बुजवून धरलेली आणखी काही बारीक भोकं उघडी पडली होती. हे व्हावं म्हणूनच आम्ल आधी वापरायचं असतं. झाळल्यानंतर वापरलं तर नवी भोकं नव्याने झाळावी लागतात. शेवटी धुण्याच्या सोड्याचं पाणी फिरवून आम्ल मारलं आणि टाकी गच्चीवर उलटी ठेवली. नागपूरच्या उन्हाबद्दल एरवी काय बोलायचं ते बोला, टाकी वाळवायला त्याच्यासारखी भट्टी नाही.

झाळकाम करणारे आता शोधावे लागतात. इतवारीत लोहा ओळीच्या मागच्या एका बोळात एक चाचा बसतात. नरसाळी, तेलाची मापं, कंदिलाच्या टाक्या असं काम. त्यांनी टाकी घेतली आणि पहिल्यांदा तोंडाला नाक लावलं. "डीजल की बू आती तो वापस भेज देता, भाऊ." मग हातातला विजेचा दिवा आत सोडून बघितलं. मग कुठे 'बसा' म्हणाले.

झाळायला वेल्डिंगएवढा ताप लागत नाही. शिसं आणि कथील निम्मं-निम्मं घेतलं तर ते १८३ अंशांना नरमायला लागतं आणि २१५ च्या आसपास पूर्ण पातळ होतं. पोलाद वितळायला १४०० च्या वर जावं लागतं. याचा अर्थ धोका नाही असा मात्र नाही. म्हणून चाचांनी टाकीची गळकी बाजू वर करून आत पाणी भरलं, डागाच्या जागेच्या चार बोटं खाली राहील एवढं. पाणी अगदी पत्र्याला टेकलं तर ताप ओढून घेतं, झाळ पसरत नाही, गोळी होऊन बसते. जाळ टाकीजवळ आणलाच नाही. कोळशाची शेगडी लांब, तिच्यात तांब्याच्या टोकाची जाड डागणी तापवायची, नवसागराच्या वडीवर घासून टोक उजळायचं आणि मग कामाला लावायची.

पत्रा आधी चकचकीत होईपर्यंत खरवडला. त्यावर मारलेलं तेजाब. म्हणजे मिठाच्या तेजाबात (हायड्रोक्लोरिक आम्लात) जस्ताचे तुकडे टाकायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं. जस्त विकत आणत नाहीत, जुन्या सेलचं कवच कापून घेतात. मग सगळ्या खराब जागेवर कथलाचा पातळ हात दिला. नुसत्या भोकावर डाग मारला असता तर पहिल्याच नांगरटीला थरथरीने निघाला असता, असं त्यांचं म्हणणं. थिगळासाठी पत्रा घेतला तो १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा, कारण त्याला कथलाचा मुलामा आधीच असतो. कोपरे गोल कापले, टोकदार कोपरा उचलतो म्हणून. थिगळ बसवून वरून डागणी फिरवत गेले, आणि कडेने चांदीसारखी रेघ सरळ पळत गेली. हा भाग बघायला मिळाला म्हणूनच मी तिथे थांबलो होतो, कबूल करतो. तेजाबाचा पांढरा धूर मात्र डोळ्यांना झोंबतो. बोळ उघडा होता म्हणून निभावलं. शिसं हाताळून झाल्यावर चहा घेण्याआधी हात साबणाने धुवायचे, हे चाचांनी न विसरता सांगितलं.

मजुरी ४५० रुपये. मी न मागता त्यांनी एक गोष्ट बजावली. तेजाबाचा अंश राहिला तर थिगळाच्या कडेनेच नवा गंज सुरू होतो, म्हणून घरी जाऊन सोड्याच्या गरम पाण्याने आतून-बाहेरून धुवायचं. ते केलं.

चाचणीसाठी कूलरचा टब कामी आला. सगळी तोंडं बंद करून, झाकणाच्या श्वासभोकाखाली रबर ठेवून, टाकी पाण्यात दाबली आणि सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा दिली. इथे जोर नको. टाकीच्या बाजू सपाट असतात, थोड्या दाबानेही फुगतात आणि सांधा उसवतो. थिगळाला एकही बुडबुडा नव्हता. कॉकच्या आट्यांपाशी मात्र एकेक करून येत होते. म्हणजे सालदाराचा कॉकही अगदी निर्दोष नव्हता. त्याने ते ऐकून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत मिरवलं.

बाकीचं भराभर झालं. बाहेरून प्रायमर आणि रंग, आतून लगेच थोडं डिझेल फिरवून ठेवलं, नाहीतर उघड्या पत्र्यावर तासाभरात तांबूस झाक येते. पट्ट्याखाली नमद्याऐवजी नायट्राइल रबराची पट्टी. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालला नसता, डिझेल लागलं की तो फुगतो. डिझेलच्या नळ्या नव्या, फिल्टर नवा. तांब्याच्या जुन्या वायसरी लाल तापवून पाण्यात टाकल्या की मऊ होतात, त्याच परत घातल्या. मग डिझेलच्या नळ्यांत अडकलेली एअर काढली, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत. इंजिन थोडं कुरकुरलं आणि लागलं.

आता राहिला चोरीचा प्रश्न. मोठे बाबा अजूनही म्हणतात, "भरून ठेवशीन तर लोकाइचीच सोय करशीन." कुलपाचं झाकण बसवून घेतलं आहे आणि काम संपलं की संध्याकाळी टाकी भरतो. ड्रेनच्या बोल्टमधून अधूनमधून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून उजेडात धरतो, पाणी असलं तर तळाला वेगळं दिसतं. गेजचा काटा मात्र अर्ध्यावर अडकला आहे तो तसाच. आतला फ्लोट गंजून गेला आहे आणि या मॉडेलचा मिळत नाही. दुसऱ्या एखाद्या ट्रॅक्टरचा बसतो का ते मृगाची मशागत उरकली की घाट रोडवर जाऊन बघणार आहे.