तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेझल व्हर्ब्जची यादी पाठ करावी का?

अमळनेरला मी इंग्रजीचे वर्ग घेते. दहावीची मुलं असोत, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे असोत की पालक, मागणी एकच: "मॅडम, फ्रेझल व्हर्ब्जची यादी द्या ना, पाठ करून टाकतो."

फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द यांची जोडी. तिची यादी मी देत नाही. "पाठ करून टाकतो" हे जे तुम्ही सहज बोललात, तिथूनच सुरुवात करते. त्यातलं 'टाकतो' काही फेकत नाही, काम पुरतं संपवतं. घरी अहिराणी बोलणारी मुलं तर "खाई टाक", "करी टाक" दिवसभर म्हणतात. इंग्रजीत हे काम बऱ्याचदा 'अप' करतं. ईट अप म्हणजे खाऊन टाक, यूज अप म्हणजे वापरून संपव, टेअर अप म्हणजे फाडून टाक. प्रत्येक 'अप' असा नसतो, गेट अप आणि लुक अप वेगळे आहेत. तरीही एवढी जाण घेऊन वाचलं की अर्ध्या यादीचा धाक जातो. उरलेलं वाक्यातच भेटू द्या.

एक नियम मात्र पक्का करा. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतं, पण पंख्याऐवजी 'इट' आला की तो मध्येच बसतो: टर्न इट ऑफ. 'टर्न ऑफ इट' चूक. 'लुक आफ्टर'चं तसं नाही, ते तुटत नाही. लुक आफ्टर हर, एवढंच.

आमच्या मुलांचे खरे गुण जातात ते दुसरीकडे, एका क्रियापदानंतर दुसरं येतं तिथे. माझ्या मते याचं कारण आपल्या मराठीत आहे. आपला '-आयला' सगळीकडे चालतो. मला वाचायला आवडतं, बाईंनी वाचायला सांगितलं, बाबांनी वाचायला लावलं, आईने वाचायला दिलं नाही. चारही ठिकाणी 'वाचायला'. म्हणून मूल चारही ठिकाणी 'टू रीड' लिहितं, आणि ते अगदी तर्काला धरून लिहितं. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाची मागणी वेगळी. एन्जॉयला 'रीडिंग' लागतं. टेलला माणूस आणि मग 'टू रीड'. मेक आणि लेटला माणूस आणि नुसतं 'रीड': ही मेड मी रीड. 'ही मेड मी टू रीड' हे वाक्य मी वह्यांमध्ये इतकं पाहते की त्यावर वेगळा तास घेते.

काही क्रियापदांत तर अर्थच पालटतो. चोपड्याच्या वाटेवर ड्रायव्हर चहा प्यायला थांबला, तर ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी. ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी म्हटलंत तर त्याने चहा पिणंच थांबवलं. रिमेंबरचंही तसंच. कुलूप लावायची आठवण ठेवायची असेल तर 'टू लॉक', लावल्याचं आठवत असेल तर 'लॉकिंग'.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या विद्यार्थ्याला शब्दाचा अर्थ पुरत नाही, त्या शब्दापुढे काय येतं तेही लागतं, हे त्यांनी ओळखलं आणि तसा कोश १९४२ साली तिथेच काढला. ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश त्यातूनच आला. आजही तो उघडलात तर एन्जॉयखाली 'एन्जॉय डूइंग समथिंग' असं ठळक छापलेलं दिसेल. बहुतेक जण अर्थ पाहून पान मिटतात. ती ठळक ओळ वहीत उतरवा, खाली आपल्या घरातलं, शेतातलं एक वाक्य लिहा. केळीचा घड उतरवायला मदत केली, असं काहीही. पाठ करायचंच असेल तर ते वाक्य करा.

नोकरीच्या अर्जांसाठी एक जाताजाता. शेवटी सगळे लिहितात, 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. हवं ते 'हिअरिंग'. तिथला 'टू' क्रियापदाचा नाही. पारख सोपी आहे: त्याच्यापुढे 'युअर रिप्लाय' ठेवून बघा. नाम चपखल बसलं, म्हणजे क्रियापद आयएनजी लावूनच यायला हवं.