ऑरेंज लाइनवरचं संत्रं

आज नागपूरच्या सीताबर्डीहून मेट्रोच्या ऑरेंज लाइननं निघालो, सोबत नववीतली भाची. गाडी हलली तसं तिच्या पिशवीतून एक संत्रं पडलं आणि घरंगळत मागं गेलं. "मामा, हे काहून मागं पळालं? कोणी ढकललं तर नाही!"

न्यूटनचे तिन्ही नियम तिला तोंडपाठ आहेत. पण कोणी ढकललं नाही, हेच त्याचं उत्तर आहे, हे तिला आज उमगलं. डबा पुढे निघाला, संत्रं जागीच राहायला बघत होतं. जडत्व ते हेच.

मग हिशेब मांडला. समजा गाडीनं १० सेकंदांत ताशी ३६ किमी वेग घेतला, तर त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. भाचीचं वस्तुमान ४० किलो, म्हणजे तिला सोबत न्यायला ४० न्यूटन बल हवं. "पण मला कोण ओढून राहिलं?" मी तिच्या सँडलकडे बोट दाखवलं. तळव्याखालचं घर्षण! कितीतरी वेळ ती पायांकडेच बघत होती. घर्षण म्हणजे नुसता अडथळा, असंच मुलांच्या मनात बसलेलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

अजनी चौकाला ब्रेक लागला आणि संत्रं आपसूक पुढे आलं. तिनं वाकून ते उचललं आणि मी विचारायच्या आत कारणही सांगून टाकलं.