कॅशेच्या फायली फोडायचा उद्योग, तिसरा आठवडा

तर मंडळी, फायरफॉक्सचा कॅशे, म्हणजे एकदा उतरवलेल्या फायली ब्राउझर पुन्हा वापरायला जपून ठेवतो तो साठा, उघडून वाचणारी माझी स्क्रिप्ट एकदाची चालली. म्हणजे चालत आधीपण होती, पण फक्त छोट्या फायलींवर, मोठी फाइल आली की नुसता कचरा छापायची. चार संध्याकाळी त्यात गेल्या आणि चूक निघाली एकदम फालतू.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये कॅशे२ नावाचं फोल्डर असतं, त्यात एन्ट्रीज नावाचं आणखी एक, आणि तिथे ४० अक्षरी विचित्र नावांच्या ढीगभर फायली. नाव म्हणजे त्या एन्ट्रीच्या कीचा (वेबपत्ता वगैरे, ज्यावरून ती शोधली जाते) एसएचए-१ हॅश, म्हणजे गणितानं काढलेली ठरावीक लांबीची खूण, त्यामुळे नावावरून काहीच कळत नाही, फाइल उघडावीच लागते. आत आधी खरा डेटा आणि मेटाडेटा (त्या डेटाबद्दलची माहिती) मात्र शेवटी. म्हणून उलट्या बाजूनं वाचायचं, शेवटचे ४ बाइट सांगतात मेटाडेटा कुठून सुरू होतो, तिथं उडी मारली की ४ बाइटचा एक हॅश, मग डेटाच्या दर २५६ केबीच्या तुकड्यामागे २ बाइटचा एकेक हॅश, आणि मग हेडर, म्हणजे किती वेळा वापरलं वगैरे आकडे. मी काय केलं होतं, तर ते २ बाइट फिक्स धरले होते! टेस्टला घेतलेल्या फायली सगळ्या आयकॉन आणि सीएसएस, २५६ केबीच्या आतल्या, एकच तुकडा, मग चालणारच ना. मोठी इमेज आली की सगळं सरकायचं. आणि रिकामी फाइल, म्हणजे नुसता रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्याकडे पाठवणं) वगैरे, तिथं तुकडाच नाही म्हणून हॅशपण नाही, तिथं उलट्या दिशेनं सरकायचं.

त्याच्या आधीच्या आठवड्यातली गंमत सांगायची राहिली. आकडे बिग-एंडियन असतात, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी, हे डोक्यातून गेलं होतं, त्यामुळे एकदाच उघडलेला फेविकॉन १,६७,७७,२१६ वेळा वापरलाय असं दाखवत होतं. मी खरंच दोन मिनिटं विचार करत बसलो की असं कसं झालं असेल.

जावास्क्रिप्टच्या फायली वाचता येत नाहीत म्हणून घाबरू नका. नेटवर्कवरून जशी आली तशीच जीझिप किंवा ब्रॉटली पद्धतीनं दाबून लहान केलेली ती पडलेली असते, मेटाडेटामध्ये रिस्पॉन्स हेडर (सर्व्हरनं फाइलसोबत पाठवलेली माहिती) मिळतात ते बघून स्वतः सोडवायची. पण काही जेएस फायली हेडरमध्ये सांगितलेल्या लांबीपेक्षा बऱ्याच मोठ्या दिसल्या, तेव्हा पुन्हा वाटलं माझंच चुकलं. नाही चुकलं. वारंवार लागणाऱ्या स्क्रिप्टचा कंपाइल केलेला बाइटकोड (ब्राउझरला चालवायला तयार रूप) ब्राउझर त्याच फाइलमध्ये मूळ डेटाच्या मागे चिकटवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पार्स करायचा वेळ वाचतो. हे बघून मी जाम खूश झालो, कारण मी इतके दिवस समजत होतो की डिस्क कॅशे म्हणजे फक्त डाउनलोड वाचवायची सोय.

आता मेन गोष्ट. सगळ्या की एका यादीत काढल्या आणि बघतो तर एकच फाँट, तोच पत्ता, तोच साइज, चार वेळा! कीच्या सुरुवातीला पार्टिशन की असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्यात वर ॲड्रेसबारमध्ये कुठली साइट उघडी होती तिचं नाव. म्हणजे चार साइटनी तोच फाँट मागितला तर चार वेळा उतरवायचा, चार फायली. क्रोमनं हे २०२० मध्ये ८६ व्या व्हर्जनपासून आणलं, फायरफॉक्सनं जानेवारी २०२१ च्या ८५ पासून. कारण साधं आहे, कॅशे कॉमन असला तर कुठलीही साइट दुसरीकडची फाइल मागून किती वेळ लागला ते मोजू शकते, पटकन आली म्हणजे तुम्ही तिकडे जाऊन आलेला आहात. त्यामुळे 'सगळे वापरतात ती लायब्ररी कॉमन सीडीएनवरून (अनेक साइटना फायली पुरवणाऱ्या सर्व्हरवरून) घ्या, लोकांच्या कॅशेत आधीच असते' हा जुना सल्ला आता बाद समजा, मी स्वतः तो परवापर्यंत देत होतो.

मेमरीकडे थोडंच बघितलं. मेमरी कॅशे वेगळा आहे आणि लहान आहे, ८ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर ऑटो सेटिंगवर ३२ एमबीच. ज्या पानांना नो-स्टोअर ('साठवू नका' ही सूचना) लावलेलं असतं ती डिस्कवर न जाता इथेच राहतात. रॅम खाणारी गोष्ट वेगळीच, डीकोड केलेल्या इमेज. ४००० बाय ३००० चा फोटो डिस्कवर २-३ एमबी असेल, पण स्क्रीनवर दाखवायला प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, झाले ४८ एमबी. टॅब बदलून जरा वेळ थांबलं की ते सोडून दिले जातात, अबाउट:मेमरी मध्ये आकडा खाली येताना दिसतो, बघाच एकदा.

आणि हो, फोल्डर कॉपी करायच्या आधी ब्राउझर पूर्ण बंद करा. कॅशेतल्या एन्ट्रींची यादी असलेली इंडेक्स फाइल ब्राउझर बंद होतानाच नीट लिहिली जाते, मी चालू असताना कॉपी केलं आणि अर्धा तास नसलेल्या फायली शोधत होतो.

पुढचं काम फ्रीसेन्सीचं, म्हणजे किती वेळा आणि किती अलीकडे वापरलं ते मिळून जो आकडा बनतो आणि ज्यावरून जागा कमी पडल्यावर कुठली एन्ट्री उडवायची ते ठरतं. हेडरमधून आकडा तर निघालाय, आता कॅशेची साइज मुद्दाम छोटी करून कोण आधी उडतंय ते रोज नोंदवतोय.